लिनक्सवर घरचं इंटरनेट: डिफॉल्ट गेटवे कसा शोधायचा आणि कसा लावायचा

मामांच्या लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं होतं. राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडत होतं, शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरमधून कागदही निघत होता. फक्त इंटरनेट नव्हतं. त्याच वायफायवर मामींच्या मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चालू होता. "केबलवाल्याला फोन करू का?" मामांनी विचारलं. "थांबा मामा, आधी एक ओळ बघू," म्हणून मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं.

हा लॅपटॉप जुना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ या मशीनवर बसत नव्हतं, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. अशा बऱ्याच घरांत सध्या लिनक्स पहिल्यांदाच आलंय आणि नेट बंद पडलं की लोक थेट सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. त्याची गरज नसते. मामांच्या लॅपटॉपवर एकच ओळ हरवली होती, डिफॉल्ट गेटवेची. ती कशी शोधायची, कशी लावायची आणि मशीन बंद-चालू केल्यावरही कशी टिकवायची, ते इथे क्रमाने सांगतो.

गेटवे म्हणजे गावाची वेस

जुन्या गावाला वेस असते. गावातल्या गावात कुणाकडे निरोप द्यायचा तर वेशीपर्यंत जायचं कारण नाही, सरळ त्या घरी जायचं. परगावी जायचं असेल तर वाट कुठलीही असो, आधी वेशीतून बाहेर पडावं लागतं.

घरचं नेटवर्क असंच चालतं. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, टीव्ही ही गावातली घरं. त्यांचे पत्ते एकसारखे सुरू होतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३, १९२.१६८.१.३०. राउटर ही वेस, तिचाही पत्ता त्याच गावातला, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. आपल्या मशीनला जो पत्ता गावातला वाटत नाही, त्याच्यासाठीचं प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) ते राउटरच्या हाती देतं. "बाकी सगळं इथून पाठव" ही जी सूचना मशीनमध्ये नोंदलेली असते, तिचं नाव डिफॉल्ट राउट. त्यातला राउटरचा पत्ता म्हणजे डिफॉल्ट गेटवे.

यातून निघणारी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येईल: वेस आपल्याच गावाची हवी. तुमचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि गेटवे तुम्ही १९२.१६८.०.१ लिहिला, तर मशीनला तिथे पोचताच येणार नाही. कुठल्या तरी लेखातला आकडा बघून तसाच लिहिल्यामुळे होणारी ही नेहमीची चूक. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता साधारणपणे १९२.१६८.२९.१ असतो, इतर अनेक राउटरांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. गेटवे आपण ठरवायचा नसतो, राउटरने तो आधीच ठरवलेला असतो. आपण तो वाचायचा आणि मग लिहायचा.

पहिली पायरी: आत्ता काय आहे ते बघा

खालच्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. शब्दांमधली जागा जिथे दिलीय तिथे सोडायचीच. टर्मिनल उघडायला बहुतेक ठिकाणी कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणं एकत्र दाबली की झालं.

पहिली कमांड:

आयपी ए

म्हणजे आय, पी, मग जागा, मग ए. यात तुमच्या नेटवर्क कार्डांची यादी येते. एलओ नावाच्या पहिल्या नोंदीकडे दुर्लक्ष करा, ती मशीनची स्वतःशीच बोलायची वाट आहे. डब्ल्यूएलपी२एस० यासारखं डब्ल्यूएलने सुरू होणारं नाव वायफायचं, ईएनपी३एस० यासारखं ईएनने सुरू होणारं नाव केबलचं. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. ते नाव कागदावर लिहून घ्या. त्याच्याखाली इनेट या शब्दापुढे १९२.१६८.१.२३/२४ असं काहीतरी दिसेल, तो तुमचा पत्ता. शेवटच्या /२४ चा अर्थ असा, की पत्त्याचे पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा. इनेटची ओळच नसेल, किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग गेटवेकडे जाण्याआधी वायफायचा पासवर्ड किंवा केबल तपासा.

दुसरी कमांड:

आयपी आर

सगळं चांगलं असेल तर दोन ओळी येतात. त्यातली पहिली साधारण अशी:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० प्रोटो डीएचसीपी एसआरसी १९२.१६८.१.२३ मेट्रिक ६००

ही ओळ शब्दाशब्दाने वाचायला शिका. बाकीच्या सगळ्या जगासाठी (डिफॉल्ट) राउटर १९२.१६८.१.१ मार्फत (व्हाया), वायफाय कार्डावरून (डेव्ह) जायचं. प्रोटो डीएचसीपी म्हणजे ही माहिती राउटरने आपणहून दिलीय, कुणी हाताने लिहिलेली नाही. मेट्रिकबद्दल पुढे सांगतो. दुसरी ओळ १९२.१६८.१.०/२४ ने सुरू होते, ती गावातल्या गावात फिरण्याची.

मामांच्या लॅपटॉपवर ही दुसरी ओळ होती आणि पहिली नव्हती. प्रिंटर चालत होता आणि इंटरनेट नव्हतं, त्याचं कारण एवढंच.

यादीत डॉकर० किंवा व्हीआयआरबीआर० अशी नावं दिसली तर घाबरू नका. डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांकडे ती असतातच, घरच्या नेटशी त्यांचा संबंध नाही. आणि जुन्या लेखांत आयएफकॉन्फिग आणि राउट या कमांड सांगितलेल्या असतात. हल्लीच्या बऱ्याच लिनक्सांत त्या आधीपासून टाकलेल्या नसतात. आयपी ही एकच कमांड दोन्हींची कामं करते.

दुसरी पायरी: वाट नेमकी कुठे तुटलीय

आता जवळून सुरुवात करून लांब जायचं. पिंग ही कमांड एखाद्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर येतं का ते सांगते. आधी राउटर:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१

तुमचा गेटवे जो असेल तो आकडा घाला. -सी ४ लिहिलं नाही तर पिंग थांबतच नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं. मग बाहेरचा एक पत्ता, गूगलच्या डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारी सेवा):

पिंग -सी ४ ८.८.८.८

आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव देऊन तेच.

उत्तरांत जे इंग्रजी वाक्य येतं ते वाचा, त्यातच निदान असतं. "नेटवर्क इज अनरीचेबल" आलं तर मशीनला वाटच माहीत नाही, म्हणजे डिफॉल्ट राउट नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं आणि त्यात तुमच्याच मशीनचा पत्ता दिसला, तर वाट लिहिलीय पण त्या पत्त्यावर राउटर सापडत नाही. गेटवेचा आकडा चुकला असेल किंवा राउटर बंद असेल. "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन" आलं आणि ८.८.८.८ मात्र उत्तर देतंय, तर तुमचा गेटवे उत्तम आहे. साइटच्या नावाचा आकडा काढून देणारं डीएनएस बिघडलंय. गेटवेला हात लावू नका.

राउटर उत्तर देतोय, पण ८.८.८.८ कडे पाठवलेली पॅकेटं शंभर टक्के हरवतायत, असं झालं तर लॅपटॉप सोडा आणि भिंतीवरच्या डब्याकडे बघा. फायबर असेल आणि एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच आत येत नाहीये. रस्ता खोदताना केबल तुटलेली असते, किंवा घरातच पिवळी वायर कपाटामागे दुमडलेली असते. त्याच वायफायवरच्या मोबाइलवरही नेट नसेल तर हेच समजायचं. लिनक्सला त्यात काही करता येत नाही, तिथे केबलवाल्याला फोन करणं हाच उपाय.

तिसरी पायरी: तात्पुरता गेटवे लावून बघा

डिफॉल्टची ओळ हरवलीय याची खात्री झाली, की ती हाताने घाला:

सुडो आयपी राउट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस०

सुडो म्हणजे कमांड मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवणं, म्हणून पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना पडद्यावर टिंबं किंवा तारे दिसले नाहीत तरी अक्षरं आत जातायत. एंटर दाबल्यावर काहीच उमटलं नाही, तर काम झालं. पुन्हा ८.८.८.८ ला पिंग करा.

"फाइल एक्झिस्ट्स" असा एरर आला, तर तशी ओळ आधीच आहे. ॲडच्या जागी रिप्लेस लिहा, जुनी जाऊन नवी बसेल. "नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे" आला, तर मघाशी सांगितलेली गोष्ट: वेस दुसऱ्याच गावाची आहे. आयपी ए मधला पत्ता आणि गेटवे शेजारी शेजारी लिहून बघा, पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत.

राउटरचा पत्ताच माहीत नसेल तर? त्याच वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे किंवा राउटर या नावाने तो दिसतो. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरही बहुतेक वेळा असतो. पण आधीच्या भाडेकरूने राउटरमध्ये बदल केलेला असू शकतो, म्हणून मी मोबाइलवर जास्त विश्वास ठेवतो.

ही पायरी फक्त चाचणीसाठी. मशीन रीस्टार्ट केलं, किंवा वायफाय तुटून पुन्हा जोडलं गेलं, की ही ओळ पुसली जाते.

चौथी पायरी: कायमचं करा

उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या डेस्कटॉपवर नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर बघतो. कायमचा बदल त्यालाच सांगायचा. सेटिंगमध्ये वायफाय किंवा नेटवर्क उघडा, जोडलेल्या नावासमोरच्या चाकावर क्लिक करा, आयपीव्ही४ चा टॅब घ्या.

इथे लगेच आकडे भरायला जाऊ नका. आधी त्या पानाच्या तळाशी जा. राउट्सच्या खाली एक चौकट असते: "यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क". तिच्यात टिक असेल तर या कनेक्शनवरून डिफॉल्ट राउट कधीच लागत नाही, राउटरने कितीही दिला तरी. ऑफिसच्या व्हीपीएनसाठी ही सोय उपयोगाची आहे, घरच्या वायफायवर नाही. मामांच्या लॅपटॉपवर हीच टिक पडली होती. ती काढली, अप्लाय केलं, वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं आणि आयपी आर मध्ये डिफॉल्टची ओळ आपोआप परत आली. एकही आकडा लिहावा लागला नाही.

पद्धत म्हणून वर ऑटोमॅटिक निवडलेलं असेल, तर माझा आग्रह राहील की ते तसंच राहू द्या. विशेषतः लॅपटॉपवर. हाताने भरलेला पत्ता त्या एका वायफायपुरता असतो हे खरं, पण उद्या राउटर बदलला आणि वायफायचं नाव तेच ठेवलं, तर नेट बंद पडेल आणि कारण कुणालाच आठवणार नाही.

मॅन्युअल लागतं ते एका जागी बसून राहणाऱ्या मशीनला: घरचा छोटा सर्व्हर, रास्पबेरी पाय (छोटासा संगणक), सगळ्यांना फाइल देणारा डेस्कटॉप. तिथे मॅन्युअल निवडून तीन खाने भरा. ॲड्रेसमध्ये १९२.१६८.१.५०, नेटमास्कमध्ये २५५.२५५.२५५.०, गेटवेमध्ये १९२.१६८.१.१. डीएनएससमोरचं ऑटोमॅटिक बंद करून तिथेही राउटरचाच पत्ता किंवा ८.८.८.८ लिहा. हा खाना रिकामा राहिला, तर पिंग चालतं पण एकही साइट उघडत नाही आणि माणूस गोंधळतो.

पत्ता निवडताना एक काळजी घ्या. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या खाली तो कुठून कुठपर्यंतचे पत्ते आपोआप वाटतो ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १०० ते १९९. तुमचा पत्ता त्याच्या बाहेरचा घ्या. नाहीतर एखाद्या दिवशी लाइट जाऊन येते, राउटर नव्याने पत्ते वाटायला लागतो आणि सर्व्हरचा पत्ता टीव्हीला देऊन टाकतो. मग दोघांचंही नेट मधूनच येतं, मधूनच जातं आणि कारण सापडता सापडत नाही. याहून चांगला उपाय राउटरमध्येच आहे: ॲड्रेस रिझर्व्हेशन. त्या मशीनच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाला) एक पत्ता राखून ठेवायचा आणि मशीनवर ऑटोमॅटिकच राहू द्यायचं. नोंद एकाच जागी राहते, गेटवे राउटरच देतो.

ज्यांना माऊसपेक्षा टर्मिनल बरं वाटतं, किंवा ज्या मशीनला पडदाच नाही, त्यांच्यासाठी एनएमसीएलआय ही नेटवर्कमॅनेजरची कमांड आहे. आधी कनेक्शनचं नाव बघा:

एनएमसीएलआय कॉन शो

मग, नाव घर-वायफाय आहे असं धरून:

एनएमसीएलआय कॉन मॉड "घर-वायफाय" आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आयपीव्ही४.ॲड्रेसेस १९२.१६८.१.५०/२४ आयपीव्ही४.गेटवे १९२.१६८.१.१ आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१.१

एनएमसीएलआय कॉन अप "घर-वायफाय"

दुसरी ओळ विसरलात तर बदल लिहिला जातो पण लागू होत नाही. आणि मघाची ती टिक टर्मिनलमधून काढायची असेल तर मॉड आणि कनेक्शनच्या नावापुढे आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट नो.

उबुंटू सर्व्हरवर मामला वेगळा. तिथे २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून नेटवर्कची मांडणी ठरवणारं नेटप्लॅन आहे, ईटीसी फोल्डरमधल्या नेटप्लॅन फोल्डरात त्याची फाइल असते. जुन्या लेखांतला गेटवे४ हा शब्द आता वापरू नये. राउट्सच्या खाली टू डिफॉल्ट आणि व्हाया लिहायचं. ओळी आत सरकवताना टॅब चालत नाही, स्पेसच द्या. आणि सुडो नेटप्लॅन अप्लाय करण्याआधी सुडो नेटप्लॅन ट्राय करा: १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर ते जुनी मांडणी परत आणतं. दुसऱ्या खोलीत बसून सर्व्हरवर काम करणाऱ्याला याचं मोल कळेल. रास्पबेरी पायवरही २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजर आलाय, त्यामुळे डीएचसीपीसीडीची फाइल बदलायला सांगणारे त्याआधीचे लेख तिथे लागू पडत नाहीत.

दोन वेशी झाल्या तर

केबल आणि वायफाय दोन्ही जोडलेलं असलं, की आयपी आर मध्ये डिफॉल्टच्या दोन ओळी येतात. तेव्हा मेट्रिक बघायचं. ज्याचा आकडा लहान, ती वाट. नेटवर्कमॅनेजर केबलला साधारण १०० देतो आणि वायफायला ६००, म्हणून केबल जिंकते.

यात एक खर्चाची गोष्ट लपलीय. चार्जिंगसाठी मोबाइल यूएसबीने लॅपटॉपला लावला आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू राहिलं, तर लिनक्स त्याला केबलच समजतं. घरी फायबर असूनही सगळा डाउनलोड मोबाइलच्या डेटावरून जातो आणि दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. कुठल्या वाटेने जातंय ते विचारायला:

आयपी राउट गेट ८.८.८.८

उत्तरात डेव्हच्या पुढे जे नाव येतं, ती खरी वाट. मेट्रिक २०६०० असा मोठा दिसला, तर नेटवर्कमॅनेजरने तपासून बघितलंय की त्या वाटेवर इंटरनेट नाही, आणि २०,००० वाढवून तिला मागे टाकलंय. एखाद्या कनेक्शनला कायमचं पुढे आणायचं असेल, तर एनएमसीएलआयने आयपीव्ही४.राउट-मेट्रिक ५० असा लहान आकडा द्या.

राउटरच नसेल तर

काही केबल ऑपरेटर घरात नुसती लॅन केबल सोडतात आणि यूझरनेम-पासवर्ड देतात. हे पीपीपीओई. तिथे हाताने गेटवे लिहायचाच नसतो, लॉगिन झालं की पलीकडून तो मिळतो आणि आयपी आर मध्ये डिफॉल्टच्या ओळीत पीपीपी० दिसतं. नेटवर्कमॅनेजरमध्ये नवं कनेक्शन करताना डीएसएल किंवा पीपीपीओई हा प्रकार निवडून नाव आणि पासवर्ड भरायचा, बस. राउटर असेल तर हेच लॉगिन राउटरमध्ये जातं.

राउटरच्या पानावर वॅन (बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट या शीर्षकाखालीही एक गेटवे दिसतो, १०० किंवा १० ने सुरू होणारा. तो राउटरचा गेटवे आहे, तुमच्या लॅपटॉपचा नाही. तालुक्याची वेस आपल्या गावाला लावू नका. तुम्हाला हवा तो लॅनच्या, म्हणजे घरातल्या बाजूच्या, खालचा पत्ता.

सगळं झाल्यावर मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा, पुन्हा आयपी आर बघा. डिफॉल्टची ओळ असेल तर ती वही काढा, जिच्यात वायफायचा पासवर्ड लिहिलाय. त्याच्याखाली राउटरचा पत्ता, आणि हाताने दिला असेल तर मशीनचा पत्ता आणि आजची तारीख लिहून ठेवा. मामांनी ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलं आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं.